रानातली शिकारीची केबिन: स्वतः बांधावी, तयार शेड आणावी की कंटेनर ठेवावा?

जिथे शिकारीला परवानगी आहे तिथे हंगामात आठ-दहा रात्री काढायला आणि बाकी वर्षभर कुलूप लावून ठेवायला एक खोली. वीज नाही, नळ नाही, हाकेच्या अंतरावर वस्ती नाही. अशा केबिनचा विचार सुरू झाला की माणूस आधी चौरस फुटाचा भाव काढायला बसतो, आणि माझ्या मते हिशेब तिथेच चुकतो. चौरस फूट हे माप वस्तीतल्या घराला ठीक. रानातल्या केबिनची किंमत ठरते ती शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर. पक्का रस्ता संपतो तिथून जागेपर्यंत काय पोचतं, किती खेपांत पोचतं आणि कोणाच्या खांद्यावरून, हे कळलं की निम्मा निर्णय झालाच.

त्याआधी कागदांचं एक वाक्य. शिकारीचा परवाना वेगळा आणि बांधकामाचा वेगळा. ठरावीक मापाच्या आतल्या शेडला परवाना लागत नाही असं ऐकून लोक खूश होतात. पण ती सवलत बहुधा सामान ठेवायच्या शेडला असते. आत पलंग आणि शेगडी आली की ती राहायची जागा ठरू शकते. जागा ज्यांच्या अखत्यारीत येते तिथून हे लेखी घ्या, मगच पुढचं.

तुलनेसाठी एक माप धरू: बारा बाय सोळा फूट, म्हणजे १९२ चौरस फूट. झोपायला दोन बंक (भिंतीला लावलेले फळ्यांचे पलंग), एक टेबल, शेगडी आणि दाराशी ओले बूट काढायला जागा, एवढं त्यात नीट बसतं. हे माप उगाच निवडलेलं नाही. प्लायवूडची शीट चार बाय आठची, ३२ चौरस फुटांची. जमिनीला बरोबर सहा शीट लागतात, आठ फूट उंचीच्या भिंतींना चौदा. छपराखालचे दोन त्रिकोण तेवढे वेगळे. अकरा बाय पंधरा केलंत तर खोली लहान होते, पण जमिनीला शीट सहाच लागतात, वर करवतकाम वाढतं. चारच्या पटीत माप ठेवणं ही या सगळ्या प्रकरणातली एकमेव फुकटची बचत.

तीन पर्याय, एकच वाट

स्वतः लाकडी सांगाडा उभा करायचा तर सगळ्यात मोठा फायदा असा, की सगळं सामान तुकड्यांत येतं. त्यातली जड वस्तू म्हणजे अठरा मिलिमीटरची प्लायवूड शीट, साधारण तीस-बत्तीस किलोची. एकट्याने उचलता येते. अर्थात वाऱ्याच्या दिवशी ती डोक्यावर घेऊन चढण चढून बघा: शीट राहत नाही, शीड होते. तरीही वाट पायवाट असली, मधे ओढा असला, तरी हा पर्याय जिवंत राहतो. बाकीचे दोन तिथेच संपतात.

तयार शेड ट्रेलरवरून अख्खी येते. बारा फूट रुंद वस्तू वळणावर फिरायला केवढी जागा लागते, हे ट्रेलरवाला सांगतो तेव्हाच कळतं. फाटकाची रुंदी, वाटेवर वाकलेल्या फांद्या, पावसानंतर चिखल होणारा खोलगट भाग, सगळं मोजावं लागतं, आणि मोजायचं ते ट्रेलरवरच्या शेडच्या कळसापर्यंत. विक्रेत्याचं 'पोचवून देऊ' हे वाक्य बहुतेक वेळा 'ट्रक जाईल तिथपर्यंत' असं वाचायचं असतं.

वीस फुटी मालवाहू कंटेनर रिकामा सव्वादोन टनांच्या आसपास भरतो आणि त्याचे तुकडे होत नाहीत. तिरक्या पाटाचा ट्रक तो मागे घसरवत उतरवतो, म्हणून ट्रकच्या पुढे सरळ, कडक, मोकळी जागा हवी. ती झाडीत क्वचितच मिळते. झाडं तोडून करायची तर तो खर्च कंटेनरच्या खात्यात लिहा.

खेपांचं गणित मात्र उलटं जातं. शेड किंवा कंटेनर एका दिवसात जागेवर. सांगाडा स्वतः उभा करायला दोन माणसांना नुसतं कवच बंद करायला चार-पाच शनिवार-रविवार सहज जातात, आणि प्रत्येक खेपेचं इंधन हा बांधकामाचाच खर्च आहे. स्क्रूचा एक डबा विसरला की एक दिवस गेला. म्हणून स्वतः बांधणाऱ्याने सामानाची यादी कामाच्या क्रमाने करावी, दुकानाच्या क्रमाने नाही: पहिल्या खेपेला पाया आणि जमीन, दुसरीला भिंती, तिसरीला छप्पर. छपराचं सगळं सामान जागेवर पोचल्याशिवाय भिंती उभ्या करू नयेत. एक पावसाळी आठवडा उघड्या प्लायवूडच्या कडा फुगवायला पुरतो.

किंमतीच्या चिठ्ठीवर जे लिहिलेलं नसतं

शेडची किंमत बघून वाटतं, एवढ्यात तर लाकूडही येणार नाही. खरं आहे. पण ती शेड अवजारं ठेवायला बनवलेली असते. उभ्या पट्ट्या अनेकदा दोन-दोन फुटांवर, इन्सुलेशन (थंडी अडवणारा थर) नाही, छप्पर किती बर्फ पेलेल याचा आकडा विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. तो आकडा लेखी मागा. देत नसतील तर बर्फाच्या प्रदेशासाठी ती शेड नव्हेच. थंडीत झोपण्याजोगी करायला इन्सुलेशन, आतलं अस्तर, धुराडं जाण्याची वाट आणि दोन बऱ्या खिडक्या घालाव्या लागतात. हे सगळं स्वतः बांधतानाही करावंच लागतं. फरक एवढाच, की शेडमध्ये दुसऱ्याने ठोकलेल्या सांगाड्याशी जमवून घ्यावं लागतं.

कंटेनरची गंमत निराळी. आतली रुंदी २.३५ मीटर, लांबी ५.९ मीटर, म्हणजे १५० चौरस फुटांच्या जरा आत. दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि अस्तर लावलं की रुंदी सव्वादोन मीटरच्या खाली येते आणि खोली खोली न वाटता रेल्वेच्या डब्यासारखी वाटते. त्यात पोलाद थंडी थेट आत आणतं. दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वासातून आणि अंगातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं, आणि ते थंड पत्र्यावर जाऊन बसतं. पहाटे छतावरून थेंब पडतो तो गळतीचा नसतो, आपल्याच श्वासाचा असतो. काचलोकर (ग्लास वूल) नुसती खोचून हे थांबत नाही. तिच्यातून बाफ आरपार जाते आणि मागे पत्रा गंजतो. पत्र्याला चिकटून बसणारा बंद पेशींचा फोमच लागतो, आणि तो महाग.

शिवाय कंटेनरचा भार चार कोपऱ्यांतल्या खांबांवर असतो आणि नागमोडी भिंती त्याला ताठपणा देतात. खिडकी-दारासाठी भिंत कापली की त्या भोकाला पोलादी चौकट जोडावी लागते. हे काम रानात करायचं म्हणजे वेल्डर आणि जनरेटर दोन्ही न्यायचे. घ्यायचाच असेल तर कापाकापी विक्रेत्याच्या यार्डातच उरकून घ्या. जमिनीच्या मूळ प्लायवूडला कीटकनाशक मारलेलं असू शकतं. ते झाकूनच वापरा.

मग कंटेनर घेतो कोण? ज्याच्या केबिनला वर्षातले अकरा महिने कोणी राखणदार नाही आणि चोरीची खरी भीती आहे तो. पोलादी दार लावून निघालं की उंदीर, आग, कटर नसलेला भुरटा, सगळ्यांना बाहेर ठेवणारी तेवढी दुसरी पेटी नाही. लाकडी केबिनला उंदरासाठी सहा मिलिमीटरची फट पुरते, आणि एका हिवाळ्यात तो गाद्यांचं काय करतो ते मी पाहिलं आहे.

पाया

काँक्रीटचा सलग चौथरा छान दिसतो. आमच्या मापाचा, चार इंच जाडीचा चौथरा म्हणजे १.८ घनमीटर काँक्रीट, वजन सव्वाचार टनांच्या पुढे. मिक्सर ट्रक जागेपर्यंत येत नसेल तर हा विषय इथेच सोडा. एक फूट व्यासाचे, मीटरभर खोल नऊ खांब ओतले तर तेच वजन दीड टनावर येतं. जमीन गोठते तिथे खांबाचा तळ गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, नाहीतर बर्फ एकेक खांब वर ढकलतो आणि दार लागेनासं होतं. तिसरी सोय म्हणजे खडीच्या थरावर जाड लाकडी ओंडके, त्यावर केबिन. जमीन हलली तर केबिन सगळी मिळून हलते, जॅक लावून पुन्हा समतल करता येते. एवढ्या लहान केबिनला मला तरी हेच पटतं. शेडही अशाच ओंडक्यांवर येते.

ऊब, उजेड, पाणी

पैसे वाचवायची जागा शेगडी नव्हे. लाकडाची शेगडी स्वस्तात मिळेल, पण छपरातून जाणारं दुपदरी, इन्सुलेशन असलेलं धुराडं अनेकदा शेगडीपेक्षा महाग पडतं, आणि अंदाजपत्रकात तेच राहून जातं. धुराडं छपरातून बाहेर येतं तिथून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच असावं. भिंतीपासून किती लांब ठेवायची ते प्रमाणित अंतर जिच्यावर लिहिलेलं नाही अशी शेगडी जळू शकणाऱ्या भिंतीपासून तीन फूट लांब ठेवायची, म्हणजे कंटेनरच्या सव्वादोन मीटर रुंदीत ती मांडायलाच जागा उरत नाही. अंतर लिहिलेली, लहान, पत्र्याच्या ढालीसह चालणारी शेगडी घ्यावी लागते.

धुराडं नसलेला प्रोपेन हीटर सोपा वाटतो. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीत येतं. कंटेनरमध्ये हा म्हणजे आगीतून फुफाट्यात. शेगडी कोणतीही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. हा खर्च चर्चेचा नाही.

विजेचा घोळ लोक उगाच वाढवतात. तीन एलईडी दिवे चार तास, दोन फोन, थोडा वेळ पाण्याचा पंप: दिवसाला १०० वॅट-तास. बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ १,२८० वॅट-तास धरते. तेवढ्याच शिशाच्या बॅटरीतले निम्मेच वापरावेत. पण लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून थंड प्रदेशात हीटरवाली घ्या किंवा शिशावर समाधान माना. सोबत १०० ते २०० वॅटचं सोलार पॅनेल. जनरेटर बांधकामाच्या दिवसांत करवतीसाठी भाड्याने आणावा आणि परत द्यावा. शिकारीच्या पहाटे जनरेटर सुरू करणाऱ्याला प्राणी दिसत नाहीत, यात प्राण्यांचा दोष नाही.

पाण्याला छप्पर आणि पन्हळ पुरते: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, १८ चौरस मीटरवर दहा मिलिमीटरचे १८० लिटर, गळती-उडती वजा. धुण्या-भांड्याला हे, प्यायचं कॅनने आणायचं. शौचाला भुश्याची बादली किंवा खड्डा, जिथे जे चालतं ते.

मग घ्यायचं काय

पायवाट असेल तर स्वतः बांधा, दुसरा पर्यायच नाही. ट्रेलर जागेपर्यंत जातो, सुट्या कमी आहेत आणि बर्फाचा भार फार नाही, तर शेड. मात्र तिच्या किंमतीइतकीच रक्कम आतल्या कामाला वेगळी काढल्याशिवाय बयाणा देऊ नका. ट्रक जातो आणि चोरी होते, तर कंटेनर, पण झोपायला कमी आणि सामानाला जास्त अशा बेताने. काही जण आधी कंटेनर ठेवतात, त्यात दोन हंगाम अवजारं आणि लाकूड कोरडं ठेवतात आणि शेजारी सवडीने लाकडी केबिन उभी करतात. पैसे एकदम नसतील तर हा सगळ्यात शहाणा मार्ग.

हातात शंभर असतील तर आराखडा ऐंशीचा करा. उरलेले वीस वाटेवर जातात: अडकलेला ट्रक, जादा खडी, पावसात भिजलेलं सामान. क्रम वाट, पाया, छप्पर, शेगडी असा लावा. सोलार आणि अस्तर पुढच्या वर्षीही चालतं. खिडक्या मात्र सगळ्यात आधी घ्या, जुन्या चालतील. हातातल्या खिडकीच्या मापाने भिंतीत चौकट करणं सोपं. चौकट करून मग त्या मापाची जुनी खिडकी शोधत फिरणं म्हणजे आणखी दोन खेपा.