इलॉयचा कॅनोपी कोर्स, एक दिवस पाच जंप, अगदी पैसा वसूल

गेल्या महिन्यात अमेरिकेत ॲरिझोनात इलॉयला स्कायडायव्हिंगचा कॅनोपी कोर्स केला, म्हणजे उघडलेलं पॅराशूट (कॅनोपी) नीट चालवायला शिकायचा, ५,००० फुटांवरून पाच जंप, विमानातून बाहेर पडलं की लगेच पॅराशूट उघडायचं, म्हणजे फ्रीफॉल जवळपास नाहीच, सगळा वेळ कॅनोपी चालवण्यात. बी लायसन्ससाठी (स्कायडायव्हरचा दुसऱ्या पायरीचा परवाना) कार्डावर सही हवी होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे मनात भीती बसली होती. मागच्या वर्षी दुसऱ्याच एका ड्रॉपझोनवर (जंपच्या मैदानावर) जेमतेम १०० फुटांवर कळलं की वारा पाठीमागून आहे, वाऱ्याकडे तोंड करायला घाबरून डावा टॉगल (वळायचा आणि ब्रेकचा दोर) कमरेपर्यंत ओढला, कॅनोपी सरळ खाली झेपावली आणि माझा घोटा मोडला.

इथे कोचने नेमकं तेच धरलं. फ्लॅट टर्न! आधी दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत खाली घ्यायचे, मग वळायचंय तिकडचा ओढायचा नाही, उलट दुसरा हात थोडा वर सोडायचा. कॅनोपी फारशी कलत नाही आणि उंचीही वाचते. स्टॉलसुद्धा वर भरपूर उंची असताना करून घेतला, टॉगल पूर्ण खाली धरून ठेवले की कानातला वारा हळूहळू बंद होतो, अगदी शांत, आणि मग कॅनोपी मागे ओढल्यासारखी कोसळते, हात सावकाश वर सोडायचे, झटका द्यायचा नाही. नजरेची युक्ती तर मला फारच आवडली: जमिनीवरचा जो ठिपका वरही सरकत नाही आणि खालीही येत नाही तिथेच आपण उतरणार, वर सरकतोय तिथपर्यंत पोचत नाही, खाली सरकतोय तो मागे पडणार.

पण सगळ्यात मोलाचं म्हणजे लँडिंगचा क्रम. कॅनोपी न कलता सरळ, जागा मोकळी, निदान अर्धा फ्लेअर (टेकताना दोन्ही टॉगल खाली ओढून वेग कमी करणं), आणि पाय जोडून लोळायचं. यात वारा समोरूनच घ्या असं कुठेच नाही!! रात्री साताऱ्याला मामांना फोन केला, ते भारतीय लष्कराच्या २ पॅरा या छत्रीधारी बटालियनचे, बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला छत्रीने उतरलेले. म्हणाले, "अरे, आमच्या गोल छत्रीला कुठले ब्रेक, रायझर (छत्रीचे खांद्यावरचे पट्टे) ओढून जरा सरकता यायचं तेवढंच, बाकी पाय-गुडघे जोडून पडायचं, आग्र्याला ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून हेच घोटून घेतलं." फौजेत आधी पडायला शिकवतात, आणि आम्ही फ्लेअर आला की ते विसरूनच जातो.

एका दिवसात पाच म्हणजे दमायला होतं, जमलं तर दोन दिवसांत करा, आणि २०-२५ जंप झाल्या की लगेच करा, माझ्यासारखं घोटा मोडेपर्यंत थांबू नका.

पाचव्या जंपला ऐन शेवटी वारा फिरला. मी तसाच सरळ येत राहिलो, फ्लेअर केला, पाय जोडून लोळलो, कानात माती गेली पण उठून चालत आलो.