‘इन कोल्ड ब्लड’: दुसऱ्या वाचनाला पेन्सिल लागते

खऱ्या खुनांवरचं ट्रुमन कपोटीचं हे पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं की दोन-तीन रात्रींत उरकतं. पंचवीस-तीस वर्षांनी परत काढलं की मात्र मागची पानं पुन्हा पुन्हा उलटावी लागतात. १५ नोव्हेंबर १९५९ ला कॅन्सासमधल्या होलकम्ब गावात हर्ब क्लटर, त्यांची बायको बॉनी आणि नॅन्सी, केनियन ही मुलं मारली गेली. त्यांचे मारेकरी डिक हिकॉक आणि पेरी स्मिथ १४ एप्रिल १९६५ ला फासावर गेले. एवढं सगळं आधीच ठाऊक असूनही पहिला भाग आजही सोडवत नाही.

गुन्ह्याचं मूळ एका तुरुंगातल्या गप्पांत आहे. क्लटरांकडे पूर्वी कामाला असलेल्या कैद्याने हिकॉकला त्यांच्या घरात तिजोरी असल्याचं सांगितलं. तासगाव भागात द्राक्षाच्या हंगामात रोकड कशी फिरते ते पाहिलेल्याला हे पटकन पटेल. पण क्लटर सगळे व्यवहार चेकने करायचे आणि तिजोरी नव्हतीच. चारशे मैल गाडी हाकून, म्हणजे सांगलीहून मुंबई गाठून परत साताऱ्यापर्यंत यावं इतकं अंतर कापून, दोघांच्या हाती पडले चाळीस-पन्नास डॉलर, एक रेडिओ आणि दुर्बीण.

दुसऱ्या वाचनात खोक्यावर थांबाच. तळघराची फरशी गार म्हणून पेरीने गादीचं पुठ्ठ्याचं खोकं अंथरून त्यावर क्लटरांना झोपवलं. त्याच पुठ्ठ्यावर रक्ताळलेल्या बुटाचा ठसा उमटला. दुसऱ्या बुटाच्या तळाची चौकटीदार नक्षी तर डोळ्यांना दिसलीच नव्हती, ती फोटोत उतरली. पुढे हे बूट कसे सापडतात बघा: मेक्सिकोहून पोस्टाने पुढे पाठवलेलं, बूट असलेलं खोकं लास वेगासला सोडवून घेतलं आणि लगेच दोघं पकडले गेले. पहिल्या वाचनात हे सगळं पेरीच्या बालपणाखाली दबून जातं.

इथल्या वाचकाने आणखी एक ताडून पाहावं. तिथे तपास अधिकाऱ्यांपुढचे कबुलीजबाब खटल्यात चालले. आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. मग हातात काय उरतं? बूट, हिकॉकच्या घरातली बंदूक आणि सुरा, मेक्सिकोतून परत आणलेला रेडिओ, त्या कैद्याची साक्ष. या वस्तूंना समासात खूण करत गेलात तर तपास कशावर उभा आहे ते स्पष्ट होतं.

लेखकावरचा विश्वास मात्र थोडा उतरतो. टेपरेकॉर्डर नाही, मुलाखतीत टिपणं नाहीत, सगळं स्मरणावर, असं कपोटी अभिमानाने सांगायचा. सोबत त्याची बालमैत्रीण, लेखिका हार्पर ली होती आणि तिने भरपूर टिपणं काढली, हे लक्षात ठेवा. शेवटचा स्मशानातला प्रसंग घडलाच नव्हता. तपासप्रमुख अल्विन ड्यूईचे सहकारी त्या कैद्याची खबर मिळताच हिकॉकच्या घरी धडकतात असं पुस्तकात आहे. २०१३ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांत त्यात काही दिवस गेलेले दिसतात. बॉनी आणि नॅन्सीला कोणी मारलं, यावरही पेरीने जबाब फिरवला होता. तरीही चौथा भाग, विशेषतः फाशीकोठडीतली पानं, ताकदीचीच आहेत. तिथे लेखकाला कैद्यांचा पुळका येतो, एवढं गृहीत धरावं.

प्रत घेताना: जुन्या पेपरबॅकचा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि पाठीचा डिंक सुटतो. मधोमध उघडून पान हलतंय का बघा, आणि शेवटची दहा पानं मोजून घ्या, गळतात ती तीच. सांगलीतल्या जुन्या पुस्तकांत २०१९ च्या पुराचं पाणी लागलेल्या प्रतीही असू शकतात. खालच्या कडेला तपकिरी रेघ असेल आणि पानं चिकटली असतील तर स्वस्त असली तरी ठेवून द्या. पेन्सिल वापरायची असेल तर नवीच प्रत घ्या, वाचनालयाची नको.