व्हीएआर सेवेचे परीक्षण : मोजमाप चोख, निवाडा जुनाच

प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेत, 2019-20 च्या हंगामापासून वापरात असलेली व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून मैदानावरच्या पंचांना मदत करणाऱ्या पंचांची व्यवस्था, ही नियमावलीच्या लेखी पंचगिरीचा एक भाग असली, तरी प्रेक्षकाच्या लेखी ती एक सेवा आहे. तिच्यासाठी सामना थांबतो, तिच्यामुळे गोलचा जल्लोष अडून राहतो आणि तिच्या निर्णयावर कधी कधी एका गुणाने हुकणारे विजेतेपद टांगलेले असते. त्यामुळे आश्वासन काय दिले होते आणि प्रत्यक्ष हाती काय पडले, याच हिशेबाने तिचे परीक्षण व्हायला हवे.

फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या ‘आयफॅब’ या संस्थेने मार्च 2018 मध्ये या व्यवस्थेला नियमावलीत स्थान दिले, तेव्हा तिचे ब्रीद ‘किमान हस्तक्षेप, कमाल लाभ’ असे होते. गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेले कार्ड या चारच बाबतींत, तेही पंचांची चूक अगदी ढळढळीत असेल किंवा एखादा गंभीर प्रसंग त्यांच्या नजरेतून सुटला असेल तरच, तिने मध्ये पडावे अशी अट होती. चाहत्यांनी मात्र त्यातून अधिक मोठा अर्थ काढला. विजेतेपद पंचांच्या नजरचुकीवर किंवा नशिबावर ठरण्याचे दिवस आता संपले, असे त्यांनी धरून चालले, आणि त्यांचा हा समज दूर करण्याची घाई कोणी केली नाही.

आधी या कुटुंबातल्या थोरल्या भावंडाविषयी, म्हणजे गोलरेषा तंत्रज्ञानाविषयी लिहिणे भाग आहे, कारण व्हीएआरकडून असलेल्या सगळ्या अपेक्षांचे मूळ तेथे आहे. ही यंत्रणा प्रीमियर लीगमध्ये 2013-14 च्या हंगामात आली. प्रत्येक गोलवर रोखलेले सात कॅमेरे चेंडूची जागा टिपत राहतात आणि चेंडू पूर्णपणे रेषेपार गेला की सेकंदाच्या आत पंचांच्या मनगटावरच्या घड्याळात संदेश येतो. 3 जानेवारी 2019 रोजी मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल यांच्यात झालेला सामना आठवा. लिव्हरपूल सात गुणांनी पुढे होते आणि सामना अजून गोलशून्य बरोबरीत होता. लिव्हरपूलच्या सादिओ मानेचा फटका खांबाला लागून परत आला, सिटीच्या जॉन स्टोन्सने तो दूर सारण्याच्या धडपडीत मारलेला चेंडू स्वतःच्याच गोलरक्षकाला लागून गोलकडे वळला, आणि मग त्याच स्टोन्सने मागे धावत जाऊन रेषेवरून तो बाहेर काढला. चेंडू पूर्ण रेषा ओलांडायला 11.7 मिलिमीटर कमी पडले होते. सिटीने तो सामना 2-1 असा जिंकला. लिव्हरपूलचा त्या हंगामातील लीगमधला हा एकमेव पराभव ठरला आणि मे महिन्यात सिटी 98 गुण, लिव्हरपूल 97 असा शेवट झाला.

योगायोग असा, की त्याच हंगामाच्या अखेरीस, 28 एप्रिल रोजी, बर्नलीच्या मैदानावर सिटीच्या सर्जिओ अग्वेरोचा फटका बचावपटूने बाहेर काढला, तेव्हा चेंडू रेषेपलीकडे जेमतेम 29.5 मिलिमीटर गेलेला होता. तो गोल दिला गेला आणि सिटीने सामना 1-0 असा जिंकला. अंगठ्याच्या पेराएवढ्या अंतरावर विजेतेपद दोनदा झुलले, आणि तरीही या दोन प्रसंगांत पंचांच्या नावाने कोणी बोटे मोडली नाहीत. लिव्हरपूलचे चाहते आजही त्या 11 मिलिमीटरविषयी हळहळतात, पण ते ‘आमचे नशीब फुटके’ म्हणतात, ‘आम्हाला लुटले’ म्हणत नाहीत. माझ्या मते चांगल्या सेवेची यापेक्षा मोठी पावती नाही. नशीब होते तेथेच राहिले, संशय तेवढा निघून गेला. पाचपैकी पाच तारे द्यायला मी तयार होतो, परंतु 17 जून 2020 रोजी ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात गोलरक्षक चेंडूसह रेषेपलीकडे गेला असताना घड्याळ गप्प राहिले. खेळाडूंच्या गर्दीत आणि खांबाआड सातही कॅमेऱ्यांची दृष्टी अडली होती आणि 9,000 हून अधिक सामन्यांत असे कधी घडले नव्हते, असे ही यंत्रणा पुरवणाऱ्या हॉक-आय कंपनीने माफी मागताना सांगितले. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, त्या एका गुणाच्या आधारे व्हिला लीगमध्ये टिकले आणि बोर्नमथ खालच्या श्रेणीत गेले. बोर्नमथच्या चाहत्याला त्या 9,000 सामन्यांचा आकडा ऐकवण्यात अर्थ नाही. तरीही साडेचार तारे.

ऑफसाइडच्या, म्हणजे चेंडू पुढे दिला जाण्याच्या क्षणी आघाडीपटू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे होता का या तपासणीच्या, बाबतीत सेवेचा दर्जा आधी वाईट होता आणि हळूहळू सुधारला, असे म्हणता येईल. सुरुवातीला पडद्यावर बारीक रेषा आखून काखेपर्यंतचे अंतर मोजले जाई. नोव्हेंबर 2019 मध्ये व्हिलाविरुद्ध लिव्हरपूलच्या रॉबर्टो फर्मिनोचा गोल याच पद्धतीने बाद झाला, तेव्हा काखेची ही भूमिती हा काही काळ चेष्टेचा विषय झाला होता. चेष्टा बाजूला ठेवली तरी मूळ आक्षेप गणिताचा होता. चित्रण सेकंदाला 50 चौकटींचे असेल, तर दोन चौकटींमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग निघून जातो, आणि सेकंदाला 8 मीटर वेगाने धावणारा आघाडीपटू तेवढ्या वेळात 16 सेंटिमीटर पुढे सरकतो. चेंडू नेमका कोणत्या क्षणी पायावरून सुटला हेच जेथे 16 सेंटिमीटरच्या हिशेबाने संदिग्ध आहे, तेथे एका सेंटिमीटरची रेषा आखून निकाल देणे म्हणजे अचूकतेचा नुसता आव होता. 2021-22 पासून रेषा जाड करून संशयाचा फायदा आघाडीपटूला देण्यात आला, ही खरी शहाणपणाची दुरुस्ती. एप्रिल 2025 मध्ये अर्धस्वयंचलित पद्धत आल्यावर रेषा हाताने आखण्याचा खटाटोपही संपला. या विभागाला आज चार तारे देण्यास हरकत नाही, पण मधल्या काळात गेलेले गुण त्यामुळे परत येत नाहीत.

खरी अडचण त्यापुढे आहे. चेंडू रेषेपार गेला का, पाय पुढे होता का, हे मोजण्याचे प्रश्न आहेत. हात ‘नैसर्गिक’ स्थितीत होता का, धक्का पुरेसा जोराचा होता का, हे ठरवण्याचे प्रश्न आहेत. पहिल्या प्रकारात यंत्राने यश मिळवले म्हणून दुसऱ्या प्रकारातही कॅमेरे वाढवले की वाद मिटेल, असे गृहीत धरण्यात आले. प्रत्यक्षात झाले इतकेच, की मैदानावरच्या एका माणसाचे मत पश्चिम लंडनमधल्या स्टॉकली पार्क येथे बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या मतासमोर ठेवले गेले, आणि दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे, यावर तिसरा वाद सुरू झाला.

10 नोव्हेंबर 2019 रोजी ॲनफील्ड या लिव्हरपूलच्या मैदानावर सिटीविरुद्ध त्यांच्या ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डच्या हाताला स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडू लागला. खेळ थांबला नाही, आणि 22 सेकंदांनी दुसऱ्या टोकाला फाबिन्योने गोल केला. चेंडू त्याआधी सिटीच्या बर्नार्डो सिल्वाच्या हाताला लागला होता, हे लिव्हरपूलचे समर्थक लगेच दाखवून देतात, आणि ते खरेही आहे. सामना 3-1 असा सुटला आणि त्या वर्षीचे विजेतेपद लिव्हरपूलला मिळाले. पुढे 26 फेब्रुवारी 2022 रोजी एव्हर्टनच्या मैदानावर सिटी 1-0 ने पुढे असताना, सामना संपायला थोडा वेळ उरलेला असताना, सिटीच्या रोद्रीच्या हाताला चेंडू लागला. व्हीएआरने तो प्रसंग तपासला आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडून दिला. मैदानावरचे पंच पॉल टियर्नी यांना मैदानाच्या कडेच्या पडद्याकडे जाऊन पाहण्याची संधीसुद्धा मिळाली नाही. पंच मंडळाच्या प्रमुखांनी नंतर एव्हर्टनची माफी मागितली, पण माफी म्हणजे वरातीमागून घोडे. हंगाम संपला तेव्हा सिटी 93 आणि लिव्हरपूल 92 गुणांवर होते.

येथे लिव्हरपूलच्या चाहत्यांचा ‘एव्हर्टनला ती पेनल्टी मिळाली असती, तर कप आमचा होता’ हा युक्तिवाद सुरू होतो. त्यातला जर-तर जरा नीट सोडवून पाहिला पाहिजे. पेनल्टी मिळणे म्हणजे गोल होणे नव्हे, गोल झाला असता तरी उरलेल्या मिनिटांत सिटीने पुन्हा आघाडी घेतली नसतीच असे नाही, आणि मुख्य म्हणजे शेवटच्या दिवशी व्हिलाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडलेल्या सिटीने पाच-सहा मिनिटांत तीन गोल केले, ही काही पंचांची देणगी नव्हती. परंतु दुसऱ्या बाजूचे नेहमीचे उत्तर, म्हणजे ‘38 सामन्यांत सगळे समसमान होते’, हेही तितकेच पोकळ आहे. 4-0 अशा आघाडीवर मिळालेली चुकीची पेनल्टी आणि 1-0 असताना नाकारलेली रास्त पेनल्टी या दोन चुका मोजताना दोनच भरतात, वजन करताना त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते. शर्यत एका गुणाची असेल, तर फिट्टंफाट व्हायला 38 सामने फारच थोडे आहेत.

उलट उदाहरणही याच खात्यात नोंदवले पाहिजे. 11 फेब्रुवारी 2023 रोजी ब्रेंटफर्डने आर्सेनलविरुद्ध केलेल्या बरोबरीच्या गोलमध्ये चेंडू पुढे देणारा खेळाडू ऑफसाइड होता, आणि व्हीएआरने त्याच्यासाठी रेषा आखलीच नाही. माफी मागितली गेली, संबंधित पंचांनी काही दिवसांत ते काम सोडले, आणि आर्सेनलचे दोन गुण कायमचे गेले. पण हंगामाअखेर विजेत्या सिटीपासून अंतर होते पाच गुणांचे. एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम या दोन्ही संघांविरुद्ध 2-0 ची आघाडी गमावणाऱ्या आणि तळाला असलेल्या साउदॅम्प्टनविरुद्ध घरच्या मैदानावर 3-3 अशी बरोबरी पत्करणाऱ्या संघाचे खापर एका न आखलेल्या रेषेवर फोडता येत नाही.

या सेवेचा सर्वांत दुबळा भाग आहे संवाद. त्याचा नमुना 30 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या सामन्यात मिळाला. लुईस दियासचा गोल मैदानावर ऑफसाइड ठरवला गेला होता. खोलीतल्या पंचांनी तपासणी बरोबर केली, तो ऑफसाइड नाही हे त्यांना दिसले, पण मैदानावर गोल दिला गेला आहे अशा समजुतीत त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळवले. मैदानावरच्या पंचांनी त्याचा अर्थ आपला निर्णय कायम, असा घेतला आणि खेळ सुरू झाला. नंतर प्रसिद्ध झालेल्या ध्वनिफितीत चित्रफीत दाखवणारा तंत्रज्ञ गडबड लक्षात आणून देतो, खेळ थांबवा असेही कोणी सुचवते, परंतु खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय बदलता येत नाही या नियमापाशी सगळे अडून बसतात. यंत्र बरोबर, मोजमाप बरोबर, निष्कर्षही बरोबर, आणि तरीही गोल नाही. ‘गोल आहे’ किंवा ‘गोल नाही’ असे पूर्ण वाक्य बोलण्याची शिस्त एवढाच तेथे अभाव होता. या विभागाला एक तारा, तोही ध्वनिफीत बाहेर आली म्हणून.

स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाची उपेक्षा तर पहिल्या दिवसापासूनची आहे. घरी बसलेल्याला दहा कोनांतून रिप्ले दिसतो, आणि तिकीट काढून आलेल्याला खाली पंच कानाला हात लावून उभे असलेले तेवढे दिसतात. ही सेवा सुरू झाली तेव्हा ॲनफील्ड आणि ओल्ड ट्रॅफर्ड येथे मोठा पडदाच नव्हता. पंचांनी ध्वनिक्षेपकावरून निर्णय सांगण्याची पद्धत इंग्लंडमध्ये जानेवारी 2025 मध्ये लीग कपच्या उपांत्य सामन्यात प्रथम आली आणि मग प्रीमियर लीगने ती स्वीकारली. स्वागतार्ह, पण निर्णय कळला तरी कारण अजून त्रोटकच कळते.

लीगचा दावा आहे, की व्हीएआरमुळे मोठ्या निर्णयांची अचूकता 82 टक्क्यांवरून 96 टक्क्यांवर गेली. हा आकडा मी खोटा मानत नाही. मात्र मोजण्याच्या निर्णयांतले आणि ठरवण्याच्या निर्णयांतले यश त्यात एकत्र मिसळले आहे, आणि हात लागला का, पाडले का, अशा प्रसंगांत ‘अचूक’ म्हणजे नेमलेल्या समितीच्या बहुमताला पटलेले, एवढाच अर्थ उरतो. मार्च 2024 मध्ये ॲनफील्डवर भरपाई वेळेच्या अगदी शेवटी सिटीच्या जेरेमी डोकूचा उंचावलेला पाय लिव्हरपूलच्या ॲलेक्सिस मॅक ॲलिस्टरच्या छातीवर आला, तेव्हा चेंडूलाही पाय लागला होता, म्हणून पेनल्टी दिली नाही. तो रिप्ले दहा जाणकारांना दाखवा, दोन तट पडतील. तेथे अकरावा कॅमेरा लावून काय साधणार?

मे 2024 मध्ये वुल्व्ह्ज या क्लबाने ही व्यवस्था बंद करण्याचा प्रस्ताव मांडला आणि जूनमध्ये क्लबांनी तो 19 विरुद्ध 1 मतांनी फेटाळला. मतदानात मीही त्या 19 जणांच्या बाजूने राहिलो असतो, पण अटी घालून. गोलरेषा आणि ऑफसाइड जसे आहेत तसे ठेवावेत. हँडबॉल आणि धक्काबुक्कीच्या प्रसंगांत खोलीतल्या पंचांनी स्वतः निवाडा करू नये, मैदानावरच्या पंचांना थेट पडद्यापाशी बोलवावे, चित्रफीत आधी नेहमीच्या वेगाने दाखवावी आणि ठरावीक वेळेत चूक उघड दिसली नाही तर मूळ निर्णय कायम ठेवावा. आणि संभाषणाची ध्वनिफीत त्याच रात्री, प्रत्येक वादग्रस्त प्रसंगाची, क्लबाने मागणी करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावी. तोवर एकूण सेवेला पाचपैकी तीन तारे, त्यातले बहुतेक गोलरेषेवरच्या घड्याळाने कमावलेले.