ओडिसीला लावलेला ट्रान्समिशन कूलर: १४ महिन्यांनंतर

कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की जॉर्जटाउन ते सिल्व्हर प्लूम हा तुकडा लागतो. लहानसाच आहे, पण मागे कॅम्पर (मुक्कामाचा ओढगाडा) जोडलेला असला की आमची २०१० ची होंडा ओडिसी तिथे खालच्या गिअरवर येते आणि हटतच नाही. पुढे ११,००० फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा आहेच. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा हा कूलर नव्हता त्या उन्हाळ्यात याच चढावर ओबीडी पोर्टला (गाडीतली माहिती वाचायच्या सॉकेटला) लावलेल्या मीटरवर ट्रान्समिशन ऑइल, म्हणजे तेच तेल, २३६ अंश फॅरनहाइटला गेलेलं पाहिलं आणि पोटात गोळा आला. मुलं मागे गाढ झोपली होती.

कॅम्पर घडीचा, सामानासकट साधारण २,००० पौंडांचा. ओडिसीची ओढायची मर्यादा ३,५०० पौंड आहे, पण गाडीत माणसं वाढली की ती उतरते, हे आधी नीट वाचा.

ही उष्णता येते टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडणाऱ्या भागातून. तो लॉक नसतो तेव्हा इंजिनाची ताकद तेल घुसळूनच पुढे जाते आणि घुसळणीची सगळी धग तेलातच उरते. रेडिएटरच्या टाकीतला मूळ कूलर तेलाला कूलंटपेक्षा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवापेक्षा) थंड करू शकत नाही, आणि चढावर कूलंटच तापलेलं असतं. म्हणून हवेवर चालणारा वेगळा कूलर.

बाजारात नळीवर पत्र्याच्या पात्या बसवलेले कूलर स्वस्त मिळतात. मी थरांचा, म्हणजे स्टॅक्ड प्लेटचा घेतला. तेवढ्याच जागेत तो जास्त उष्णता काढतो. शिवाय माझ्या कूलरमध्ये गार, घट्ट तेलाला बाजूने निघून जायची वाट आहे, आणि कोलोरॅडोच्या हिवाळ्यात तिचं मोल कळतं.

जोडणी एका शनिवारी मित्राच्या मदतीने घरीच केली. गिअरबॉक्समधून निघालेलं तेल आधी रेडिएटरमध्ये, तिथून कूलरमध्ये आणि मग परत, असा क्रम ठेवला. कुठली नळी कुठली, हे गार इंजिन चालू करून हाताने ओळखलं: आधी कोमट होते ती गिअरबॉक्समधून येणारी. रबरी नळी ट्रान्समिशन ऑइलसाठीचीच घ्या, पेट्रोलची किंवा हीटरची चालत नाही. जुनं तेल काळपट आणि जळक्या वासाचं निघालं. एका वेळी सुमारे ३ क्वार्टच निघतं, म्हणून मधे गाडी फिरवून तीनदा बदललं, होंडाचं डीडब्ल्यू-१ तेल भरून.

चूक झाली ती बसवण्यात. किटमधल्या प्लॅस्टिकच्या काड्या एसीच्या कंडेन्सरमधून (रेडिएटरपुढच्या जाळीतून) आरपार ओवून कूलर टांगला होता. तीन महिन्यांनी बंपर काढला तर कूलर हलून हलून कंडेन्सरच्या पात्या चेपल्या होत्या. नशीब, गळती नव्हती. मग बाजारातून लोखंडी पट्ट्या आणून तो रेडिएटरच्या आडव्या सपोर्टला बोल्टने धरला, मधे बोटभर फट ठेवली. त्याच दिवशी एका क्लॅम्पपाशी तेलाचा ओलावा दिसला, तोही आवळला. पहिल्या ५०० मैलांत प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहा, इतकं तरी कराच.

आता त्याच चढावर, तेवढ्याच ओझ्याने आणि जवळपास तशाच उन्हात तेल २०५ च्या वर गेलेलं नाही. मला जास्त आवडलं ते दुसरंच. पूर्वी बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्नला उतरलो तरी आकडा २१० च्या आसपास रेंगाळायचा. आता उताराच्या निम्म्यातच १८० च्या खाली येतो. मात्र अगदी हळू, ट्रकमागे अडकून चढताना हवाच कमी मिळते, तेव्हा फायदाही कमी दिसतो. तिथे मी डी-३ (तिसऱ्याच्या वर गिअर न जाऊ देणारी जागा) टाकून ठेवतो, म्हणजे गिअरबॉक्स सारखा वर-खाली करत नाही.

जानेवारीत शून्याखालच्या सकाळी तेल गरम व्हायला पूर्वीपेक्षा पाचेक मिनिटं जास्त लागली. गिअर पडताना मात्र काही जाणवलं नाही.

डिपस्टिकवरचं तेल अजून लाल आहे. येत्या जूनमध्ये यूटामधल्या मोॲबला जायचंय, त्याआधी एकदा बदलीन.