'नार्कोस' की 'द वायर': वेळ एकाच मालिकेपुरता असेल तर

पोलीस आणि अमली पदार्थांच्या टोळ्या यांच्यावरची एखादी मालिका नीट, शेवटपर्यंत पाहायची ठरवली की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते 'नार्कोस'चं. कोथरूडपासून खराडीपर्यंत कुठल्याही ऑफिसात विचारा, ती पाहिलेलं कुणी ना कुणी भेटतंच. 'द वायर'चं नाव एखादाच घेतो, पण घेतो तेव्हा समोरच्याच्या मागे लागतो. मी या मागे लागणाऱ्यांपैकी. तरीही सरसकट सगळ्यांना 'द वायर' सुचवणं मला पटत नाही, कारण ती अर्धवट सोडलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांची कारणं खोटी नव्हती.

आधी वेळेचा हिशेब. 'नार्कोस' २०१५ ते २०१७ या काळात आली. तीन सीझन, तीस भाग, प्रत्येक साधारण पन्नास मिनिटांचा. 'द वायर' २००२ ते २००८ या काळातली. पाच सीझन, साठ भाग, बहुतेक तासाभराचे. रात्री जेवणं उरकल्यावर रोज एक भाग पाहिला तर पहिली महिन्यात संपते, दुसरीला दोन महिने लागतात. दोन्हीकडे मध्येच थांबायची सोय आहे. 'नार्कोस'मध्ये कोलंबियातल्या अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार याची गोष्ट विसाव्या भागाला पूर्ण होते. 'द वायर'चा पहिला सीझन तेरा भागांचा आहे आणि तो एकटाही पुरेसा उभा राहतो.

भाषेचा प्रश्न मला वेळेपेक्षा मोठा वाटतो. 'नार्कोस'चा मोठा भाग स्पॅनिशमध्ये आहे. सबटायटल वाचायची तयारी असेल तर काहीच अडत नाही, फक्त पोळ्या लाटता लाटता किंवा मोबाइल चाळत ती पाहता येत नाही. 'द वायर' इंग्रजीत आहे, पण ते अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या गल्ल्यांमधलं इंग्रजी. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनीही सबटायटल चालू ठेवावीत, त्यात कमीपणा नाही. शिवाय पात्रं भराभर येतात, कोण कुणाचा साहेब आणि कोण कुणाचा पंटर हे कुणी समजावून सांगत नाही. पहिले तीन भाग बहुतेकांना जड जातात. चौथ्या भागात मॅकनल्टी आणि बंक हे दोन पोलीस तपास अधिकारी एका रिकाम्या घरात जुन्या खुनाची जागा तपासतात, आणि त्या पूर्ण प्रसंगात जवळजवळ एकाच शिवीखेरीज काही बोलत नाहीत. गोळी कुठून आली, बाई कुठे उभी होती, सगळं आपल्याला त्यांच्या हालचालींतून कळत जातं. तिथे माणूस मालिकेत शिरतो. तोपर्यंत दम धरायला हवा.

'नार्कोस'ला असा दम लागत नाही. अमेरिकी अमली पदार्थविरोधी संस्थेचा अधिकारी मर्फी आपल्या आवाजात सगळं सांगत जातो, मध्ये मध्ये त्या काळातली खरी चित्रफीत येते, आणि आपण मेडेलिन शहरात एका माणसाचा उदय आणि अस्त पाहतो. १९८२ मध्ये एस्कोबार कोलंबियाच्या संसदेवर पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला होता. १९८४ मध्ये न्यायमंत्री लारा बोनिया यांचा खून झाला. पुढे एस्कोबारने शरणागतीच्या अटीत स्वतःसाठी वेगळा तुरुंग पदरात पाडून घेतला आणि १९९२ मध्ये तिथूनही निसटला. २ डिसेंबर १९९३ ला मेडेलिनमधल्या एका छपरावर तो मारला गेला. हे सगळं इतकं वेगात येतं की पहिल्या सीझनमध्ये दहाहून जास्त वर्षं कधी सरली ते लक्षातही येत नाही. एस्कोबार साकारणारा वागनर मौरा ब्राझीलचा, त्याची मातृभाषा पोर्तुगीज. भूमिकेसाठी तो स्पॅनिश शिकला. कोलंबियातल्या प्रेक्षकांना त्याचे उच्चार खटकले आणि त्यांची तक्रार रास्त आहे. पण त्याची नजर आणि ते सुस्त, जड चालणं विसरता येत नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. 'नार्कोस' पाहताना असं वाटत राहतं की हा एक माणूस सापडला की प्रश्न सुटला. मालिकेलाही हे पुरतं मान्य नाही, म्हणून तिसऱ्या सीझनमध्ये ती काली शहरातल्या सूटबूट घातलेल्या मंडळींकडे वळते. (हा सीझन मला तिन्हींत सर्वांत आवडतो. टोळीच्या सुरक्षाप्रमुखाला त्यातून बाहेर पडायचंय आणि पडता येत नाही, एवढ्यावर दहा भाग ताणून धरलेत, आणि एकही सैल नाही.) तरी कॅमेरा राहतो तो म्होरक्यांवरच. माल रस्त्यावर विकणारा पोरगा कोण, तो शाळेत का जात नाही, त्याला पकडणाऱ्या हवालदाराला वरून काय सांगितलं गेलंय, याकडे वळायला तिला सवड नाही.

'द वायर' नेमकी तिथे सुरू होते. ती रचणारा डेव्हिड सायमन 'बाल्टिमोर सन'मध्ये पोलीस बीटचा बातमीदार होता. त्याचा साथीदार एड बर्न्स याने बाल्टिमोरच्या पोलीस खात्यात दोन दशकं काढली आणि नंतर सरकारी शाळेत शिकवलं. हे दोन अनुभव प्रत्येक भागात जाणवतात. फोन टॅप करायचा तर आधी बाकीचे सगळे मार्ग खुंटले आहेत हे न्यायाधीशाला पटवावं लागतं. आपल्याकडे हीच परवानगी राज्याच्या गृहसचिवांकडून यावी लागते. परवानगी मिळाल्यावरही सार्वजनिक फोनवर खरोखर संशयितच बोलतोय हे पाहायला कुणीतरी छपरावर बसावं लागतं, आणि बोलणं घरगुती निघालं तर ऐकणं बंद करावं लागतं. टोळीची पोरं पेजरवर आकडे पाठवतात तेही सांकेतिक. फोनच्या बटणांवर पाचला ओलांडून समोरचा आकडा घ्यायचा, एकाच्या जागी नऊ, दोनाच्या जागी आठ. इतक्या साध्या युक्तीपुढे पोलीस अडतात, आणि ती सोडवतो कोण, तर रस्त्यावर निकामी ठरवून टेबलावर बसवलेला एक शिपाई.

पुण्यात राहणाऱ्याने ती का पाहावी, याचं माझं कारण आपल्या शहराच्या बातम्यांत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला आणि मेफेड्रॉनचा, म्हणजे मथळ्यांतल्या 'एमडी'चा, शेकडो किलोंचा साठा उघडकीला आला. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, याच धंद्यातला एक आरोपी ससून रुग्णालयातून पळाला होता. अशा कारवाईनंतर येणारा फोटो आपल्या ओळखीचा असतो: टेबलावर मांडलेला मुद्देमाल, मागे उभे अधिकारी. 'द वायर'मधले वरिष्ठ असाच फोटो मागत राहतात. लेफ्टनंट डॅनियल्सच्या पथकाला महिनोन्महिने ऐकत बसून पैसा कुठे जातो ते शोधायचंय, आणि वरून हुकूम येतो की छापे घाला, पत्रकारांना बोलवा. दोघांचंही म्हणणं मालिका समजून घेते. वरच्यालाही कुणालातरी उत्तर द्यायचं असतं. गुन्ह्यांचे आकडे कमी दाखवण्यासाठी होणाऱ्या त्या बैठका, तिथे सगळ्यांसमोर झापलं जाणं, मग खालच्याने आकडेच फिरवणं, हे पाहिल्यावर जप्तीची बातमी मी वेगळ्या प्रकारे वाचायला लागले. किती माल सापडला यापुढे जाऊन तो घ्यायला कोण उभं होतं, हा प्रश्न मनात येतो.

चौथा सीझन मात्र प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने पाहावा. चार मुलं आहेत: मायकेल, नेमंड, रँडी आणि डुकी. आठवीतली. एकाचे वडील तुरुंगात आहेत आणि आईला वाटतं मुलाने त्यांचाच धंदा चालवावा. एकाच्या घरातलं सगळं, त्याचे कपडेसुद्धा, घरातलेच नशेसाठी विकून टाकतात. कालचा पोलीस त्यांच्या वर्गात गणित शिकवायला येतो. परीक्षेचे निकाल सुधारायचे म्हणून शिकवणं थांबतं आणि सराव सुरू होतो. इथे खलनायक कुणीही नाही, तरी एकेक मुलगा निसटत जातो. गेल्या काही वर्षांत 'कोयता गँग' हा शब्द आपल्या तोंडी बसला. पकडलेल्यांत अठराच्या आतली मुलं असतात, बातमीत त्यांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्यांची धिंड काढा म्हणणारे मेसेज फिरतात. ते मेसेज लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हे तेरा भाग हातात द्यायला तयार आहे. बाल्टिमोर आणि पुणे एकसारखी शहरं नाहीत. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांचा इतिहास निराळा, बंदुकांची मुबलकता निराळी. पण मूल सातवी-आठवीत असताना मोठी माणसं त्याच्याकडे कशी पाठ फिरवतात, हे दोन्हीकडे सारखंच पाहायला मिळतं.

'द वायर'चे दोषही सांगायला हवेत. दुसऱ्या सीझनमध्ये गोष्ट अचानक बंदरावरच्या कामगारांकडे वळते आणि बरेच जण तिथे सोडून देतात. मला तो सीझन आवडतो, पण ओळखीची पात्रं बाजूला पडल्याचा वैताग समजतो. पाचवा सीझन वर्तमानपत्राच्या ऑफिसात जातो आणि मॅकनल्टीचं त्यातलं वागणं मला अजूनही पटलेलं नाही. बायकांना दोन्ही मालिकांत जागा कमी आहे. 'द वायर'मध्ये किमा ग्रेग्ज ही पोलीस अधिकारी तरी आहे, 'नार्कोस'मधल्या बायका बहुतेक कुणाच्या तरी पत्नी किंवा प्रेयसी म्हणूनच येतात. आणि चित्रीकरण पाहिलं तर 'नार्कोस' निर्विवाद सरस आहे. 'द वायर' जुन्या चौकोनी पडद्यासाठी केलेली, २०१४ मध्ये तिची रुंद आवृत्ती निघाली.

लंडनची 'टॉप बॉय' तिसरी म्हणून सुचवली जाते. चांगली आहे, पण तिच्यात पोलीस जवळजवळ नाहीतच, त्यामुळे दोन्ही बाजू पाहायच्या असतील तर तिच्यापासून सुरुवात करू नका.

हॉलमध्ये आईवडील किंवा मुलं बसली असताना यातली कुठलीच लावू नये. हिंसा, शिव्या, नग्नता सगळीकडे आहे. ओटीटीचंही पाहून घ्या: 'नार्कोस' नेटफ्लिक्सवर आहे, पण 'द वायर' एचबीओ या अमेरिकी वाहिनीची, आणि एचबीओच्या मालिका २०२३ मध्ये हॉटस्टारवरून जिओसिनेमाकडे गेल्या, मग २०२५ मध्ये ही दोन्ही ॲप एकत्र होऊन 'जिओहॉटस्टार' झालं. म्हणून 'द वायर'साठी वर्गणी भरण्याआधी ती त्या ॲपवर दिसते का, ते शोधा.

थकून घरी येत असाल आणि तासभर खिळवून ठेवणारं काही हवं असेल, तर 'नार्कोस' घ्या आणि तिसरा सीझन वगळू नका. ज्यांना पोलीस ठाणं, शाळा, महापालिका आणि नाक्यावरचा पोरगा यांच्यातला धागा समजून घ्यायचाय, त्यांनी 'द वायर' घ्यावी. सोबत एखादा मित्र किंवा नवरा-बायको असेल तर उत्तम, कारण प्रत्येक भागानंतर कोण कोणाचा कोण हे एकमेकांना विचारावं लागतं. पाचव्या भागापर्यंत निर्णय घेऊ नका. तरीही नाही जमलं, तर सरळ 'नार्कोस' लावा आणि 'द वायर' दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा.