टीझेडडेटा आणि क्रोनी: हळदीच्या पेढीवर आणि पत्रिकेच्या टेबलावर

मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि लहान व्यावसायिकांचे कम्प्युटर सांभाळते. मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आणि पत्रिका करणारे गुरुजी, ही माझी गिऱ्हाइकं. यांचं काम दोन वस्तूंच्या जोरावर चालतं आणि तिघांनाही त्यांची नावं माहीत नाहीत. म्हणून हा रिव्ह्यू.

पहिल्या वस्तूचं नाव टीझेडडेटा; दुसरी, क्रोनी, शेवटी कोल्ड स्टोरेजच्या भागात येईल. जगातल्या कुठल्या भागात, कुठल्या तारखेला घड्याळ यूटीसीपेक्षा (जगभराच्या संदर्भ वेळेपेक्षा) किती पुढे किंवा मागे होतं, याची टीझेडडेटा ही नोंदवही. किंमत शून्य, मालकी हक्क कुणाचाच नाही, डाउनलोड अर्ध्या एमबीच्या आत. लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळे हीच वापरतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली आणि पुढे पॉल एगर्ट यांनी वर्षानुवर्षं सांभाळली. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पत्रिकांच्या भागात सांगते.

आधी हळद. आमच्या एका शेठजींचा माल कासाब्लांकाला जातो. तिथला खरेदीदार त्याच्या सकाळी दहाला व्हिडिओ कॉल लावतो. एरवी तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. रमजानच्या सुमारास मोरोक्को घड्याळ एक तास मागे घेतो, आणि तोच कॉल साडेतीनला येतो. महिना संपला की परत अडीच. शेठजींनी तोवर वापरलेल्या भेटींच्या सॉफ्टवेअरला हे कळायचं नाही. ते वेळ घेताक्षणी यूटीसीत बदलायचं आणि मूळ वेळ टाकून द्यायचं. मागच्या बिलांसाठी ते योग्यच आहे, झालेली गोष्ट यूटीसीतच ठेवावी. पण व्हायची गोष्ट त्या गावाच्या घड्याळानं ठेवायची असते: ‘सकाळी दहा, आफ्रिका/कासाब्लांका’. मधल्या काळात तिथल्या सरकारनं नियम बदलला, तर नवा टीझेडडेटा आल्यावर हिशेब आपोआप सुधारतो.

आणि सरकारं नियम बदलतात, तेही ऐनवेळी. मोरोक्कोचंच बघा. २०१८ च्या ऑक्टोबरअखेरीला तिथली घड्याळं मागे जाणार होती. दोन दिवस आधी, २६ तारखेला, सरकारनं जाहीर केलं की आता ती मागे जाणार नाहीत. टीझेडडेटाची नवी आवृत्ती लगोलग निघाली. रमजान चंद्रावर चालतो, म्हणून या मंडळींनी २०८७ पर्यंतच्या तारखा गणितानं काढून फाइलमध्ये आधीच भरून ठेवल्या आहेत. पगार न घेता इतक्या पुढचा विचार करून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

लेबनॉनचं प्रकरण तर याहून अवघड होतं. मार्च २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं घड्याळ पुढे नेण्याची तारीख अगदी तोंडावर आलेली असताना पुढे ढकलली. देशातल्या अनेक संस्थांनी ते मानायला नकार दिला, आणि एकाच शहरात दोन वेळा चालू झाल्या. टीझेडडेटाची २०२३बी आवृत्ती सरकारी निर्णय धरून निघाली. काही दिवसांत सरकारनंच निर्णय फिरवला आणि २०२३सी निघाली, त्यातला मजकूर पुन्हा २०२३ए सारखाच. ज्यांनी फक्त मधली आवृत्ती बसवली आणि पुढे लक्ष दिलं नाही, त्यांची घड्याळं त्या काळात चुकली. म्हणून ‘एकदा अपडेट केलं’ असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुठल्या अक्षरापर्यंत?

वापरताना खरा त्रास होतो तो प्रतींचा. एकाच मशीनवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची एक प्रत असते, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची स्वतःची असते, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वेगळी असू शकते, पायथन या भाषेत आणखी एक. विंडोज तर स्वतःची वेगळीच यादी आणि वेगळीच नावं चालवतो. लिनक्सची प्रत नवी आणि जावाची जुनी, असं झालं की एकाच पेढीवर पावती एक वेळ सांगते आणि रिपोर्ट दुसरी. हा टीझेडडेटाचा दोष नाही, त्यासाठी तारा कापत नाही. पण नवीन गिऱ्हाइकाकडे गेले की सगळ्या प्रतींचे आवृत्ती क्रमांक मी आधी कागदावर उतरवून घेते.

आता पत्रिका. इथं ही नोंदवही किती खोल आहे ते कळतं, आणि कुठं अपुरी पडते तेही.

गुरुजींकडे कराडजवळच्या एका आजोबांची पत्रिका आली. सहस्रचंद्रदर्शनाची शांत होती आणि घरच्यांना पत्रिका नव्यानं मांडून हवी होती. जन्म ऑक्टोबर १९४३ च्या शेवटच्या आठवड्यातला, वहीत लिहिलेली वेळ सकाळी सहा वाजून वीस मिनिटं. गुरुजींच्या जुन्या सॉफ्टवेअरनं सरळ साडेपाच तासांचा फरक धरला आणि तूळ लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) दिलं. गुरुजींनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “ताई, लढाईच्या काळातली वेळ आहे ही. तुमचं मशीन काय म्हणतंय बघा.”

त्यांची शंका बरोबर होती. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे साडेपाचऐवजी साडेसहा तासांचा फरक. टीझेडडेटामध्ये ‘एशिया/कोलकाता’ या नोंदीत हे व्यवस्थित आहे. त्या हिशेबानं आजोबांचा जन्म आजच्या प्रमाणवेळेनुसार पाच वीसचा. लग्न तासाला सरासरी पंधरा अंश सरकतं, म्हणून तूळ जाऊन कन्या आलं. लग्नाचा नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, तर साधारण दर तेरा मिनिटांना बदलतो, तिथं एक तास म्हणजे सगळंच उलटंपालटं.

पण इथं नुसत्या डेटावर विसंबून चालत नाही. वेळ कुणी, कुठल्या घड्याळावर बघितली, हे विचारावं लागतं. खेड्यात त्या काळी घड्याळ क्वचित असे, आणि सूर्यावरून अंदाज करून सांगितलेल्या वेळेतून एक तास वजा केला तर बरोबर असलेली पत्रिका चुकते. आजोबांच्या बाबतीत उत्तर मिळालं. त्यांचे वडील कराड स्टेशनवर नोकरीला होते, म्हणजे घरातली वेळ रेल्वेच्या घड्याळाची, सरकारी. तास वजा केला. हा प्रश्न गुरुजींनी स्वतः विचारला, आणि असे प्रश्न विचारणाऱ्या माणसांसाठी काम करायला मला मनापासून आवडतं.

अर्धा तारा कापला तो मुंबईसाठी. मुंबई शहरात १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ चालू होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. सातारा-सांगलीची कितीतरी कुटुंबं गिरणगावात होती, त्यांच्या घरातल्या जुन्या जन्मवेळा या वेळेनुसार लिहिलेल्या असू शकतात. टीझेडडेटात ‘एशिया/मुंबई’ अशी नोंदच नाही. त्यांचा नियम असा की १९७० नंतर ज्या भागांची घड्याळं वेगळी चालली त्यांनाच वेगळी नोंद. नियमाचं कारण मला पटतं, नाहीतर यादी कधीच संपणार नाही. पण पत्रिकेच्या कामाला तो कमी पडतो. मी गुरुजींच्या सॉफ्टवेअरमध्ये मुंबईच्या जुन्या जन्मांसाठी वेगळं बटण करून दिलं आहे: प्रमाणवेळ, की बॉम्बे टाइम. गुरुजी घरच्यांना विचारून ते निवडतात.

ज्योतिष आणि हा डेटाबेस यांचा एक कडू प्रसंगही झाला आहे. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेतल्या ॲस्ट्रोलॅब या ज्योतिष सॉफ्टवेअरच्या कंपनीनं ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा लावला. म्हणणं असं की जुन्या वेळांची माहिती आमच्या ॲटलासमधून घेतली. डेटाबेस काही दिवस बंद पडला. मग इंटरनेटची नावं-पत्ते सांभाळणाऱ्या आयकान या संस्थेनं तो आपल्या छत्राखाली घेतला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीनं दावा मागे घेतला. अमुक तारखेला अमुक गावी घड्याळ किती पुढे होतं ही घडलेली गोष्ट आहे, तिच्यावर कुणाची मालकी नसावी असं मला ठामपणे वाटतं.

आता कोल्ड स्टोरेज. तिथं टाइम झोनची अडचण नाही, तिथं घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर लागतं, कारण बेदाण्याच्या खोल्यांचं तापमान वेगवेगळी यंत्रं नोंदवतात आणि त्या नोंदी एकमेकींशी जुळाव्या लागतात. त्यासाठी मी क्रोनी वापरते, म्हणजे नेटवर्कवरच्या वेळेच्या सर्व्हरशी मशीनचं घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम. हाही फुकट. लाइट जाऊन-येऊन असते, इंटरनेट तुटक असतं, आणि क्रोनी अशाच परिस्थितीसाठी बांधलेला आहे. मशीनचं घड्याळ किती पुढे-मागे पळतं ते तो फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुन्हा चालू झाल्यावर तिथून पुढे दुरुस्ती करतो. २०१९ च्या महापुरात मशीनं बंद ठेवावी लागली होती. चालू केल्यावर क्रोनीनं सगळी घड्याळं माझा हात न लागता ताळ्यावर आणली. सर्व्हर म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वापरते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशांतही एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा याच प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे.

क्रोनीची खरी परीक्षा लीप सेकंदाला होते. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळाइतकं नेमकं नाही, म्हणून १९७२ पासून आजवर २७ वेळा एक सेकंद वाढवला गेला. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ चा, म्हणजे आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे पाच एकोणतीसच्या मिनिटातला एकसष्टावा सेकंद. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टीमच्या, वेळमोजणीत या सेकंदाला जागाच नाही, त्यामुळे साधारणपणे एकच सेकंद दोनदा मोजला जातो. २०१२ च्या लीप सेकंदाला लिनक्सच्या कर्नेलमधल्या, म्हणजे गाभ्यातल्या, चुकीमुळे अनेक सर्व्हर अडकले, क्वांटास विमान कंपनीचं चेक-इन कोलमडलं. २०१७ ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी) सेवा काही प्रमाणात पडली, कारण त्यांच्या कोडला वेळ मागे जाऊ शकते हे मान्यच नव्हतं. तापमानाच्या नोंदींत असं झालं तर दोन नोंदींतला फरक शून्य किंवा उणे निघतो आणि अलार्म वाजतो.

क्रोनीत यावर निवड करता येते: उडी मारायची, कर्नेलवर सोपवायचं, की ‘स्लू’, म्हणजे घड्याळ थोडं हळू चालवून तो सेकंद पचवायचा. गूगलचे सर्व्हर हाच सेकंद दुपारपासून दुपारपर्यंत चोवीस तासांत पसरवतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण एकाच यादीत गूगलचा सर्व्हर आणि साधा सर्व्हर मिसळू नका. त्या दिवशी दोघांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो आणि कुणावर विश्वास ठेवावा हे मशीनला कळत नाही. क्रोनीला मी पूर्ण पाच तारे देते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ठरवलं की २०३५ पर्यंत ही पद्धत बदलायची आणि अणुघड्याळ व पृथ्वी यांच्यातलं अंतर बरंच जास्त वाढू द्यायचं. तोवर मात्र अलीकडे पृथ्वी किंचित वेगानं फिरते आहे, त्यामुळे एक सेकंद वाढवण्याऐवजी वगळावा लागेल अशी शक्यता शास्त्रज्ञ मांडतात. असा उणे सेकंद आजवर कधीच आलेला नाही, म्हणजे त्यासाठी लिहिलेला कोड खऱ्या दिवशी कुठंच चाललेला नाही. पॅरिसहून दर सहा महिन्यांनी निघणारं बुलेटिन सी, म्हणजे लीप सेकंद येणार की नाही ते सांगणारं पत्रक, मी त्यासाठी न चुकता वाचते. कोल्ड स्टोरेजच्या सगळ्या मशीनवर स्लू लावला आहे, आणि तापमानाच्या प्रोग्रॅममध्ये दोन नोंदींतलं अंतर भिंतीवरच्या वेळेवरून न काढता कधीच मागे न जाणाऱ्या अंतर्गत मोजणीवरून काढायची सोय केली आहे.