ऑफिसचा डेस्क सजवून वर्ष होत आलं: काय टिकलं, काय घरी परत गेलं

माझं ऑफिस नागपुरात, मिहानकडे. जागा म्हणजे चार फुटांचं टेबल, तीन बाजूंना खांद्याएवढं कापडी पार्टिशन आणि डावीकडे पश्चिमेची मोठी काच. डेस्क सजवायच्या ज्या टिपा वाचायला मिळतात त्यात नागपूरचा मे महिना नसतो. त्यामुळे हिवाळ्यात मांडलेल्या डेस्कवरून उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी जाऊ दिली, मगच लिहायला बसले.

ऑफिसच्या नियमात एवढंच आहे की डेस्क ‘प्रोफेशनल’ दिसावा. म्हणजे नेमकं काय, ते कोणी सांगत नाही. मी माझ्यापुरता अर्थ लावला: पार्टिशनच्या वर काही डोकावणार नाही, आणि माझ्या वस्तूचा वास, आवाज किंवा उजेड शेजारच्या खुर्चीपर्यंत जाणार नाही. या मापात बसलेल्या वस्तूंवर एवढ्या महिन्यांत कोणी बोट ठेवलेलं नाही.

आधी झाडं, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि जीव त्यांच्यातच गेला. सेमिनरी हिल्सच्या नर्सरीतून तीन आणली: मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि झीझी. पलीकडच्या रांगेतली मैत्रीण म्हणाली, “काय गं, नर्सरी टाकून राहिली का इथं?” हिवाळाभर तिघंही मजेत. खरी परीक्षा एप्रिलनंतर सुरू झाली. आठवड्याचे पाच दिवस एसी इतका कडक की लोक शाली घेऊन बसतात, आणि शुक्रवारी रात्री एसी बंद झाला की सोमवार सकाळपर्यंत बंदच. बाहेर पंचेचाळीस अंश, पश्चिमेची काच, आत कोंडलेली हवा. एका सोमवारी मनी प्लांटची काचेकडची पानं उकडल्यासारखी लोंबत होती. स्नेक प्लांटला काही झालं नाही. त्याचं कारण आहे: बहुतेक झाडं पानांवरची छिद्रं दिवसा उघडतात, हे रात्री उघडतं, त्यामुळे उन्हात त्याचं पाणी फारसं उडत नाही. झीझी मातीखालच्या गाठींमध्ये पाणी साठवून ठेवतं, तेही तरलं. मनी प्लांट मी काचेपासून उचलून मॉनिटरच्या आडोशाला नेला. तेव्हापासून बरा आहे, पण आधीसारखा पसरत नाही.

पुष्कळ जण मनी प्लांट बाटलीतल्या पाण्यात ठेवतात. दिसतो सुरेखच. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. कूलरच्या टाक्या तपासायला महापालिकेची माणसं घरोघरी येतात ती यासाठीच. घरचा कूलर घासायचा आणि ऑफिसात लांब सुट्टीवर जाताना बाटली तशीच सोडायची, हे मला पटत नाही. माझा मनी प्लांट मातीत आहे.

नर्सरीवाल्यानं “मॅडम, हवा शुद्ध करते हे” असंही सांगितलं होतं. ही समजूत नासाच्या 1989च्या अभ्यासावरून पसरली. पण तो प्रयोग छोट्या हवाबंद पेट्यांमध्ये केला होता. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये असे जुने प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला. इमारतीत हवा जशी खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं निघालं. तीन कुंड्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून ठेवाव्यात. मला तेवढं पुरतं.

आता भिंतीकडे, म्हणजे पार्टिशनकडे. गोंदाची हुकं आणि पट्ट्या कापडाला धरतच नाहीत. दुहेरी टेपनं कडेच्या लॅमिनेटवर लावलेले फोटो मार्चपर्यंत नीट होते, मग दर सोमवारी एखादा खाली पडलेला सापडायचा. तापलं की तो गोंद सुटतो. शेवटी साध्या टाचण्याच कामी आल्या. कापडाला भोकंही दिसत नाहीत आणि अॅडमिनचीही हरकत नाही. कॉर्क बोर्ड मात्र पावसाळ्यात वाकला. त्याची खालची पुठ्ठ्याची पाठ दमट हवेत फुगली. स्वस्तातला घेतला तर हे होणारच, चांगला घ्यायचा तर लाकडी चौकटीचा घ्या. घरच्यांचा फोटो काचेकडे तोंड करून ठेवला होता, त्याचा लाल रंग उन्हानं उडाला. आता त्याची प्रत लावली आहे, तीही उन्हाकडे पाठ करून.

बोर्डावर काय लावायचं, हा वेगळा विषय. आमच्याकडे आयएसओ 27001चं, म्हणजे माहितीच्या सुरक्षिततेच्या मानकाचं, ऑडिट होतं. त्यात ‘क्लिअर डेस्क’ची अटच आहे: कामाचे कागद, क्लायंटची नावं, पासवर्ड लिहिलेल्या चिठ्ठ्या टेबलावर उघड्या सापडायला नकोत. सजावटीशी याचा थेट संबंध नाही असं वाटेल, पण छान बोर्ड लावला की पिवळ्या चिठ्ठ्या आपोआप त्यावर जमायला लागतात. म्हणून माझ्या बोर्डावर कामाचं काहीच नाही. कॅलेंडर, एक वारली चित्राचं कार्ड, भाचीनं काढलेला वाघ. (वाघाला सोंड आहे. विचारल्यावर “ताडोबातला आहे” एवढंच उत्तर मिळालं.)

देवांचे आणि महापुरुषांचे फोटो हा प्रश्न प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्या एकाच रांगेत गजानन महाराज आहेत, बाबासाहेब आहेत, ताजुद्दीन बाबाही आहेत. नागपुरात हे असायचंच. कोणाची तक्रार नाही, कारण तिन्ही फोटो पोस्टकार्डाएवढे आणि बसणाऱ्याच्या बाजूला तोंड केलेले. एकानं गुरुवारी उदबत्ती लावली तेव्हा मात्र अॅडमिनवाले धावत आले, वर स्मोक डिटेक्टर आहे म्हणून. निवडणुकीच्या दिवसांत पार्टिशनच्या बाहेरच्या बाजूला एक पक्षाचं स्टिकर चिकटलं होतं. ते संध्याकाळपर्यंत गेलं, आणि माझ्या मते जायलाच हवं होतं. आतला फोटो माझ्यासाठी असतो, बाहेरचं स्टिकर येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी सुनावत असतं.

वासाची वस्तू ठेवूच नये. मला भेट मिळालेली लेमनग्रासच्या सुगंधी तेलाची, काड्या घातलेली बाटली दोन तास टेबलावर होती. शेजारच्या दादांना अर्धशिशीचा त्रास आहे. ते काही बोलले नाहीत, नुसते खुर्ची घेऊन दुसरीकडे जाऊन बसले. बाटली आता घरच्या बाथरूममध्ये आहे, तिथे उत्तम चालते.

टेबलावरच्या मॅटबद्दल थोडक्यात. नकली चामड्याची घेऊ नका, पावसाळ्यात तिचे पापुद्रे सुटतात आणि शर्टाच्या बाहीला चिकटतात. फेल्टची मऊ असते, पण शेजारच्या टेबलावरच्या फेल्ट मॅटवर पोह्यांची तर्री सांडली आणि ती मॅट तिथेच संपली. मी घेतली जाड सुती सतरंजीच्या कापडाची. धुता येते, हा तिचा एकमेव आणि पुरेसा गुण.

दिवा चांगला निघाला. छताचे दिवे पांढरेफटक असतात, संध्याकाळच्या शिफ्टला डोळे चुरचुरतात. चार हजार केल्विनचा (म्हणजे ना पांढराफटक, ना फार पिवळा), मान वळणारा, यूएसबीवर चालणारा दिवा मॉनिटरच्या मागे पार्टिशनकडे तोंड करून ठेवला. उजेड कापडावरून परत येतो, कोणाच्या डोळ्यात जात नाही. दिवाळीत काहींनी लुकलुकणाऱ्या माळा पार्टिशनभर गुंडाळल्या होत्या. चार दिवस सगळ्यांना आवडल्या, पुढच्या आठवड्यात समोर बसणाऱ्यांनीच त्या बंद करायला लावल्या.

बांबूचा पेनस्टँड चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीच्या बांबू केंद्रातून कोणीतरी आणून दिला होता. त्याआधी रस्त्यावरून घेतलेला एक होता, त्याच्याखाली पावसाळ्यानंतर रोज पिवळसर भुकटी पडायची. बांबूत स्टार्च असतो, तो खायला भुंगे आत शिरतात. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवलेल्या बांबूला ते सहसा लागत नाहीत. घेताना “ट्रीटमेंट केलेला आहे का” हे विचारा. ज्याला प्रश्नच कळला नाही त्याच्याकडून घेऊ नका.

एवढ्या सगळ्यात खरा हिशेब सफाईवाल्या मावशींनी शिकवला. आमच्याकडे त्यांना सांगितलेलं आहे की कोणाच्या खाजगी वस्तूंना हात लावायचा नाही. म्हणजे टेबलावर जितक्या वस्तू, तितकी न पुसलेली जागा. उन्हाळ्यात मिहानकडची धूळ एसीच्या जाळीतूनही येते. एकदा त्या म्हणाल्या, “ताई, तुमचं टेबल छान आहे, पण मले पुसायले जागाच नाही ठेवली.” त्या दिवशी छोट्या बाहुल्या, चुंबकाची खेळणी, रिकामी परदेशी चॉकलेटची डबी, सगळं पिशवीत भरलं. उरलेल्या वस्तू एका लाकडी ट्रेमध्ये ठेवल्या. संध्याकाळी निघताना ट्रे उचलून खुर्चीवर ठेवते, सकाळी टेबल पुसलेलं असतं. यापेक्षा कामाची खरेदी यादीत दुसरी नाही, आणि तो ट्रे घरात पडूनच होता.

ट्रेमध्ये सध्या आहेत: पेनस्टँड, झीझीची लहान कुंडी, पाण्याचा मग आणि तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल. बैल माझ्या भावाचा लहानपणीचा. चाकं गेलेली, एक शिंग जरा तुटकं. नागपूरबाहेरून आलेला प्रत्येक नवा माणूस याच्याबद्दल विचारतो आणि मग पोरं बैल घेऊन घरोघरी कशी जातात, बोजारा (खाऊ-पैसे) कसा गोळा करतात, हे सांगावं लागतं. पुण्याहून आलेल्या आमच्या मॅनेजरनाही तो हवा झाला आहे. कोणाला नवा घ्यायचा असेल तर पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात इतवारी-महालकडे जा. तळहाताएवढा, साध्या लाकडाचा घ्या. सागवानी मोठे बैल सुंदर असतात, पण किंमत ऐकून मागे फिराल, आणि ते पार्टिशनच्या वरही जातात.